दोन रांगा, एक किटली

माणसाच्या मनाचंसुद्धा शास्त्र असतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही पुस्तकातून नाही, किटलीच्या तोटीतून. किटली मंजुळाबाईंची होती. आज हे सगळं लिहायला बसलोय ते त्यांच्यासाठी. शास्त्राचं आपलं मधूनमधून येईल.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, पारोळा तालुक्यातल्या गावच्या शाळेत. एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग. गुरुजी एका वर्गाला पाढे सांगायचे तेव्हा बाकीचे तीन वर्ग एकमेकांना पाहायचे. त्यामुळे माणसं बघायची सवय तेव्हापासूनची. पुढे एक्क्याऐंशी साली सिल्वासात सुताच्या कारखान्यात लागलो, टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आला, कोण किती वाजता आलो म्हणतोय, ते लिहायचं. तेव्हा सिल्वासात रोज एक नवा पत्रा चढत होता आणि आमच्या खान्देशातून रोज एक नवी ट्रंक उतरत होती.

त्यातल्याच एका ट्रंकेबरोबर मंजुळाबाई आल्या, चोपड्याकडच्या. नवरा सुकदेव आमच्या बॉयलरवर. बाईंनी सहा महिन्यांत कॅन्टीन हातात घेतलं. कॅन्टीन म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला मंजुळाबाई. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. बॉयलरची शिट्टी बंद पडली त्या आठवड्यात शिफ्ट सुटल्याचं त्यांनी तोंडानं सांगितलं होतं, आणि पलीकडच्या कारखान्यातलेही लोक सुटले होते.

माणूस ओळखायची त्यांची एक पद्धत होती. पेला दोन्ही हातांनी धरला म्हणजे घरून पत्र आलेलं नाही. एक घोट घेऊन पेला खाली ठेवला म्हणजे भांडण झालंय. एकदा मला म्हणाल्या, "नथूभाऊ, घरी जाताना जिलबी घेऊन जा."

"का हो?"

"सकाळपासून तीन पेले पेलात अन् एकदाबी चहाले नाव ठेवलं नाही. घरी काहीतरी करून आलेले दिसता."

जिलबी नेली. लागली.

त्यांचा दुसरा गुण मात्र गुण म्हणावा की दोष, यावर पुढे मोठमोठ्या लोकांना पत्रं लिहावी लागली, म्हणून तो नीट सांगतो. बाईंना पंगतीत दुजाभाव चालायचा नाही. त्याची मुळं त्यांच्या लग्नात. मांडवात वरण-बट्टीची पंगत बसली. नवऱ्याकडच्या माणसांना तुपाची पळी दोनदा फिरली आणि नवरीकडच्या रांगेच्या शेपटाला पळी पोचेपर्यंत तूपच संपलं. बाईंची आजी त्या शेपटाला बसली होती. म्हातारीनं पत्रावळ उचलली आणि उभी राहिली. तिच्या शेजारची उभी राहिली. मग तिच्या शेजारची. ज्यांच्या पानात तूप होतं तेही उठले! सासऱ्यांना नवा डबा फोडून, शेपटाकडून सुरुवात करून, अख्ख्या रांगेला पुन्हा वाढावं लागलं. मंजुळाबाई तेव्हा बाशिंग बांधून बसल्या होत्या. "त्या दिवशी सासर माह्याकडं नीट पाहायला लागलं," असं सांगायच्या. आजीचं वाक्य त्यांनी जन्मभर जपलं: वाढणाऱ्याचा हात आंधळा पाहिजे.

म्हणून आमचे मॅनेजर भास्करभाई असोत की ट्रकवरचा हमाल, चहा तोच, पेलाही स्टीलचा तोच. भास्करभाईंनी एकदा कपबशी मागितली होती. बाई म्हणाल्या, "देते की. सगळ्यांसाठी पावणेदोनशे आना."

आता दत्तात्रय मोंडकर सर. देवगडकडचे, इथल्या शाळेत मास्तर. एम. ए. मानसशास्त्रात, शिकवायचे इतिहास, कारण शाळेत मानसशास्त्र नव्हतं आणि इतिहासाचे मास्तर बदली होऊन गेले होते. माणूस काडीसारखा, सज्जन, गळ्यात कायम स्टॉपवॉच. त्यांच्या बायको लीलावहिनी म्हणायच्या, "लग्नात मंगळसूत्र मी घातलं आणि ते घड्याळ ह्यांनी."

सरांची पीएच. डी. चालू होती. चालू होती म्हणजे सात वर्षं चालू होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता शेवटची तारीख अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर, आणि मुंबईच्या त्यांच्या मार्गदर्शकांची अट अशी, की आधी एक निबंध मानसशास्त्राच्या नियतकालिकात स्वीकारला गेला पाहिजे, मगच प्रबंधावर सही. नाहीतर सात वर्षं दमणगंगेत.

तर सत्त्याऐंशीच्या जानेवारीत सर आमच्या भास्करभाईंकडे आले. त्यांना आमच्या चेकिंग खात्यात प्रयोग करायचा होता. चेकिंग म्हणजे दोन लांब टेबलं, एकेका टेबलाला बारा बाया, डोक्यावर ट्यूबलाइट. समोरचा सुताचा बॉबिन फिरवून बघायचा, धागा तुटका की तेलाचा डाग असेल तर बाजूच्या टोपलीत टाकायचा. दिवसभर हेच. सरांचा अंदाज असा, की दुपारी साडेतीननंतर बायांचं लक्ष उडतं. चहा पाच वाजता मिळतो. तोच साडेतीनला दिला तर लक्ष टिकेल.

भास्करभाई आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले, "जो जो सर, प्रोडक्शन नहीं अटकना चाहिए. बाकी चाय पिलाओ, दूध पिलाओ."

सरांनी चोवीस बायांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात हलवल्या आणि एकेक काढून कोण कुठल्या टेबलाला ते ठरवलं. म्हणाले, "मी ठरवलं तर माझी आवड त्यात शिरते." मला ते पटलं. पहिल्या टेबलाला साडेतीनला चहा, दुसऱ्याला रोजच्यासारखा पाचला. प्रत्येकीच्या ढिगात रोज दहा खराब बॉबिन गुपचूप मिसळायचे, आत पेन्सिलीचा ठिपका करून. खराब बॉबिनांची ददात आमच्या कारखान्याला कधीच नव्हती. संध्याकाळी टोपल्या उपसून ठिपके मोजायचे, कुणी दहापैकी किती पकडले ते. मोजणारा मी.

मंजुळाबाईंना सरांनी समजावून सांगितलं. "बाई, पहिल्या रांगेला साडेतीनला. दुसऱ्या रांगेला पाचला. लक्षात राहील ना?"

"राहीन की," बाई म्हणाल्या.

लक्षात राहील एवढंच त्या म्हणाल्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तीन आठवडे प्रयोग चालला. सर रोज सव्वातीनला शाळेतून सायकलनं यायचे आणि पहिल्या टेबलाशी घड्याळ धरून उभे राहायचे. शेवटी आकडे मांडले. प्रयोगाआधी दोन्ही टेबलं दहापैकी सहा पकडत होती. चहानंतर पहिलं टेबल आठ पकडायला लागलं. शाबास! आणि दुसरं टेबल? तेही आठ.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावता. सर हरखले. "नथूभाऊ, चहाचा काही संबंधच नाही! दोन्ही रांगा सुधारल्या, कारण कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे त्यांना जाणवलं. नजरेचा परिणाम हा! माझी पाठ होती त्या रांगेवरसुद्धा परिणाम झाला, बोला!"

मी काय बोलणार? म्हटलं, "तुमची पाठच तशी आहे सर."

सरांनी निबंध लिहिला, लीलावहिनींच्या भावाकडून टाइप करून घेतला आणि एप्रिलात रजिस्टर पोस्टानं पाठवला. तिथली रीत त्यांनी मला समजावली. संपादक निबंध स्वतः पारखत नाही. त्याच विषयातल्या दोन जाणकारांकडे पाठवतो. त्यांना लेखकाचं नाव कळत नाही, लेखकाला त्यांचं कळत नाही. ते दोष काढतात, पत्र येतं.

हे ऐकून मंजुळाबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या गल्लीसारखंच. दोष काढायचे, पन कोनी काढले ते कळू द्यायचं नाही."

"नाही हो बाई, नाव नसलं म्हणजे भीड राहत नाही. ओळख असली की माणूस गोड बोलतो."

बाई म्हणाल्या, "मंग बराबर आहे. हात आंधळा."

पत्र यायला आठ महिने लागले. तोवर तुम्हाला नुसतं बसवून कशाला ठेवू? पुढच्या काळातली एक छोटी गोष्ट सांगतो. त्र्याण्णव साली रूपाली नावाची कॉलेजातली मुलगी मुंबईहून आली, प्रश्नांचे छापील कागद घेऊन. 'मी माझ्या कामावर समाधानी आहे.' पुढे पाच चौकोन: अगदी सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, अगदी असहमत. सगळ्या बायांनी सगळीकडे 'सहमत'वर फुल्या मारल्या. रूपाली खूश. मंजुळाबाई तिला म्हणाल्या, "पोरी, तू पाव्हनी. तुझ्या तोंडावर कोन नाही म्हनंन? उद्या ये, अन् तेच उलटं करून विचार." तिनं दुसऱ्या दिवशी कागद बदलले. 'मला हे काम नकोसं वाटतं.' चोवीसपैकी एकोणीस जणी पुन्हा 'सहमत'! पोरगी डोळ्यांत पाणी आणून हसली. असो. पत्र आलं.

डिसेंबर सत्त्याऐंशी. सर दुपारी टाइम ऑफिसात आले ते तोंड पाडून. संपादकाचं पत्र आणि सोबत दोन अभिप्राय. पहिल्या जाणकारानं सगळं उत्तम म्हटलं होतं आणि दोन स्वल्पविराम काढायला सांगितले होते. दुसऱ्यानं अकरा शंका काढल्या होत्या. सातवी शंका सरांनी मला मराठीत करून सांगितली: दुसऱ्या गटाला साडेतीनला चहा मिळालाच नाही, हे प्रत्यक्ष कुणी पाहिलं? चहा देणाऱ्या व्यक्तीवर लक्ष कुणाचं होतं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय निबंध स्वीकारू नये.

"कसला शंकेखोर माणूस आहे!" सर म्हणाले. "हजार मैलांवर बसून आमच्या किटलीवर संशय! चला, बाईंकडून दोन ओळी लिहून घेऊ, विषय संपला."

मी म्हटलं, "सर, कशाला त्रास घेता? तुम्हीच लिहा."

"त्रास कसला?"

आता कबूल करायला हरकत नाही. मला ठाऊक होतं. चेकिंगच्या चोवीसही बायांना ठाऊक होतं. भास्करभाईंनाही बहुधा ठाऊक असावं. पण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. सूर्य उगवला म्हणून कुणी कुणाला सांगायला जातं का?

कॅन्टीनमध्ये सरांनी कागद पुढे केला. "बाई, एवढं लिहून द्या, की दुसऱ्या रांगेला तुम्ही साडेतीनला चहा दिला नाही."

बाईंनी चुलीवरचं आधण खाली उतरवलं. "सर, खोटं कसं लिहू?"

"खोटं?"

"अहो, अद्रक टाकून केलेला चहा. त्याचा वास भिंतीले थांबतो का? बारा जनींनी पेयाचा अन् बारा जनींनी वास घ्यायचा? माही आजी वरून पाहते ना!"

"पण मी तिथं उभा होतो!"

"तुमी पहिल्या रांगेकडं तोंड करून उभे. मी तुमच्या पाठीमागून, गोदामाच्या दारानं. दुसऱ्या किटलीनं."

"पेले दिसले नाहीत मला!"

"चिंधीच्या टोपलीत ठेवायच्या. तुमी वळले का झुंबर खोकायची."

झुंबर म्हणजे सुरंगी गावची. दुसऱ्या टेबलाच्या टोकाला बसायची. सरांना आठवलं. "मी तिला खोकल्याचं औषध आणून दिलं होतं."

"हां, ते तिनं सासूले दिलं. गुन आला म्हनत होती."

सर सुताच्या खोक्यावर बसले. "तीन आठवडे?"

"रविवार सोडून," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सरांचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच बेतात आलेला ऐकला. "सर, काही मोठं बिघडलं का?"

मी सांगितलं, काय बिघडलं ते. सात वर्षं, डिसेंबर, मार्गदर्शकाची सही. बाईंनी पदराला हात पुसले आणि पुसतच राहिल्या.

वातावरण फार जड झालं म्हणून मी तोडगा काढला. "सर, इथं आपण तिघं. त्या शंकेखोराला काय कळतंय? लिहून टाका, नथूनं समक्ष पाहिलं. मी सही करतो."

सर ताडकन उठले. एवढा काडीसारखा माणूस, पण आवाज चढला. "नथूभाऊ, मी देवगडचा. पेटीत वरच्या थराला चांगला हापूस आणि खाली डागी आंबे भरणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते बाईंसमोर सांगता येत नाही." मग खाली बसून म्हणाले, "आणि खरं सांगू? त्या माणसानं बरोबर जागी बोट ठेवलं. पाठ करून उभा राहिलो मी. नजरेचा परिणाम म्हणे!"

आणि सर हसायला लागले. मग मी. मंजुळाबाई मात्र हसल्या नाहीत.

"पुन्हा करायचं," सर म्हणाले. "वेळ थोडा आहे. पण ह्या वेळी चहा बाईंऐवजी वाल्मिक देईल."

वाल्मिक आमचा पॅकिंगचा माणूस. बाई म्हणाल्या, "द्या की. त्याचा चहा पेल्यावर बायांचं लक्ष चांगलं राहीन. कोनाले झोपच येनार नाही, पोट धरून बसतीन."

"मग बाई, तुम्ही शब्द द्या. दुसऱ्या रांगेला खरंच द्यायचा नाही."

"ते नाही जमायचं."

"अहो, माझी पीएच. डी.!"

"तुमची पीएच. डी. अन् माही पंगत," बाई म्हणाल्या. मग स्टूल पुढे सारून समोर बसल्या. "सर, मले एक सांगा. तुमाले पाहायचं काय आहे? साडेतीनचा चहा पेला तर बाई जास्त डाग पकडती का?"

"हो."

"मंग एका रांगेले नेहमीच वंचित कायले ठेवता? पाळी लावा, नळावर लावतो तशी. आज ह्या रांगेले साडेतीनचा, त्या रांगेले पाचचा. उद्या उलटं. अशानं अन्याय कोनावरच नाही, अन् मले कोनाले चोरून द्यायचं कारन नाही. अन् तुमचंबी कसं आहे, तुमी झुंबरले सरिताच्या जोडीनं मापता. सरिताची नजर घारीची, झुंबरचा चष्मा फुटका. झुंबरले झुंबरच्याच जोडीनं मापा ना! साडेतीनच्या चहाचा दिवस अन् पाचच्या चहाचा दिवस, दोन्ही तिचेच."

सरांचा हात घड्याळाकडे गेला आणि उगाचच त्यांनी ते चालू केलं.

"बाई," ते म्हणाले, "हे पुस्तकात आहे. सहाव्या प्रकरणात. अवघड वाटलं म्हणून मी ते सोडलं होतं."

"आमच्या नळावर रोजच असतं," बाई म्हणाल्या. "अन् अजून एक. नथूभाऊंले सांगू नका कोनी कधी चहा पेला ते. हे मोजताना झुंबरकडून असतात."

"मी?" मी ओरडलो.

"ती सुरंगीहून येताना ताडगोळे कोनासाठी आनती? तिच्या टोपलीच्या काठावरचा बॉबिन तुमी आत धरता. सगळ्या टेबलानं पाहिलं आहे."

तुम्हाला म्हणून सांगतो, एखाददुसरा धरला असेन. ताडगोळे फार कोवळे असायचे. पण मला हे ठाऊक नव्हतं की सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या जाणकाराची नववी शंका तीच होती: मोजणाऱ्याला गट माहीत होते का? सरांनी ती मला वाचून दाखवली नव्हती, भिडेखातर.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाला. पाळ्या लागल्या. पहिली पाळी कुणाची, यासाठी सरांनी नाणं उडवलं. सर ह्या वेळी कोपऱ्यात, दोन्ही टेबलं दिसतील असे उभे. टोपल्यांवर नावाऐवजी फक्त आकडे, तेही रोज बदलून. त्या वाल्मिक टाइम ऑफिसात माझ्यासमोर आणून ठेवायचा आणि मी मोजायचो. कोणती कुणाची, पत्ता नाही. सहा आठवडे मी इतका निःपक्षपाती होतो की घरी बायकोला संशय आला. ताडगोळे यायचे बंद झाले नाहीत, हे झुंबरचं मोठेपण.

आकडे आले. लवकर चहाच्या दिवशी बाया दहापैकी आठ पकडत होत्या. उशिराच्या दिवशी साडेसहा. सरिताची घारीची नजरसुद्धा पाचपर्यंत मंद व्हायची आणि झुंबर तर लवकर चहा मिळाला की फुटक्या चष्म्यातून नऊ पकडायची. सरांचा पहिला अंदाज खरा होता. नजरेचा परिणाम बिचारा वाऱ्यावर गेला.

सरांनी निबंध नव्यानं लिहिला आणि पहिल्या प्रयोगात काय झालं तेही त्यात सगळं घातलं. किटली, गोदामाचं दार, झुंबरचा खोकला. मी म्हटलं, "हे कशाला? आता आकडे चांगले आहेत." ते म्हणाले, "खालचा थरही दिसू दे."

मग वाट बघणं. मे गेला, जून गेला. गणपती आले, गेले. सरांच्या चेहऱ्यावरून बाई रोज सांगायच्या, "आजबी नाही आलं." डिसेंबर जवळ येत चालला. लीलावहिनी पोस्टमन श्रीकांतला घरात बोलावून सांदण खाऊ घालायच्या, जसं काही पत्र तोच लिहिणार होता.

ऑक्टोबरच्या अखेरीला सर सायकलवरून आले ते उतरलेच नाहीत. सायकलसकट कॅन्टीनमध्ये. पहिल्या जाणकारानं पुन्हा सगळं उत्तम म्हटलं होतं आणि एक स्वल्पविराम परत घालायला सांगितला होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं: स्वतःची फसगत एवढ्या मोकळेपणानं सांगणारा निबंध माझ्या वाचनात क्वचितच आला. स्वीकारावा. मात्र पंगतीचा रिवाज तळटीपेत आहे तो पद्धतीच्या मुख्य भागात घ्यावा. कोणत्याही गावात प्रयोग करण्याआधी तिथला वाढप्या कोण आहे, हे पाहिलं पाहिजे.

मार्गदर्शकांची सही नोव्हेंबरात झाली. प्रबंध मुदतीच्या अकरा दिवस आधी दाखल झाला.

इथं गोष्ट संपायला हवी. पण बाई होत्या. सरांनी त्यांना सांगितलं, "निबंधाच्या शेवटी आभार छापतात. तिथं तुमचं नाव घालतोय."

"एकटीचं?"

"हो."

"अन् बाया? बॉबिन कोनी फिरवले? नथूभाऊंनी मोजले, वाल्मिकनं टोपल्या वाहिल्या. एकटीचं नाव म्हंजे पंगतीत एकीलेच तूप. घालायचं तर सगळ्यांचं, नाहीतर कोनाचंच नको."

सरांनी सत्तावीस नावं पाठवली. संपादकाचं पत्र आलं, जागा नाही. सरांनी लिहिलं, मग माझं नाव काढा, जागा होईल. दोन पत्रं गेली, दोन आली. अखेर छापून आलं. नऊ पानांचा निबंध आणि शेवटी मुंग्यांएवढ्या इंग्रजी अक्षरांत आमची सत्तावीस नावं. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावला होता. माझं चोविसावं आलं. झुंबरचं पहिलं. तो अंक तिनं सुरंगीला नेला आणि सासूला दाखवला. सासू म्हणाली म्हणे, "खोकून नाव होतं होय?"

अंक बघून झाल्यावर बाईंनी विचारलं, "सर, त्या शंकेखोराचं नाव कुठी आहे?"

"ते गुप्तच राहतं, बाई. कायमचं."

"एवढं काम केलं अन् त्याले चहाबी नाही?" बाईंनी चहाच्या मसाल्याच्या दोन पुड्या बांधल्या. सुंठ, वेलदोडा, गवती चहाची वाळलेली पात. "पाठवा. एक त्याले, एक स्वल्पविरामवाल्याले."

"दोघांना? पहिल्यानं काय केलं हो?"

"ते मी कायले पाहू?" बाई म्हणाल्या. आणि दोन्ही पुड्या तराजूत घालून सारख्या केल्या.

सरांनी आधी संपादकाला विचारून घेतलं, चालेल का म्हणून. निबंध छापून झालाय, आता हरकत नाही, असं उत्तर आलं. पुड्या गेल्या.

मंजुळाबाईंनी कॅन्टीन शहाण्णवपर्यंत चालवलं. सरांच्या ओळखीचे लोक अधूनमधून यायचे, कागद घेऊन, घड्याळं घेऊन. सर त्यांना आधी बाईंकडे पाठवायचे. बाई एक पेला चहा द्यायच्या आणि विचारायच्या, "तुमाले पाहायचं काय आहे?" निम्मे तिथूनच परत जायचे, विचार करायला.

त्यांच्या कॅन्टीनमध्ये भिंतीला, कॅलेंडरच्या शेजारी, एक साधं पोस्टकार्ड खिळ्याला अडकवलेलं असायचं. पुड्या गेल्यावर दोन महिन्यांनी संपादकाच्या पाकिटातून आलेलं. त्यावर नाव नाही, गाव नाही. इंग्रजीत एकच ओळ. सरांनी वाचून दाखवली होती: मसाला उत्तम, पण दोन पेल्यांना किती घालायचा हे लिहिलेलं नाही, आणि दूध आधी की नंतर?

सर म्हणाले, "दोघांपैकी कुणी लिहिलं असेल, कळायला मार्ग नाही."

मंजुळाबाईंनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि खिळ्याला लावलं.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "त्यालेच शंका येतात."